ऊस हार्वेस्टर गरम झाला की ओढत नाही. पंपच गेलाय हे कसं ओळखायचं?

रायबागचा_ऊसवाला
नमस्कार मंडळी. गेल्या हंगामात सेकंडहँड ऊस हार्वेस्टर घेतला. चाकाचा आहे, मागच्या दोन्ही चाकांना हायड्रॉलिक मोटर आणि मोटरच्या पुढं गिअर हब, म्हणजे चाकातला गिअरबॉक्स. सकाळी गाडी झकास पळते. दुपारी ऑईल तापलं की बांध चढताना रडते, ओल्या सरीत तर जाग्यावर उभी राहते. इंजिन मात्र दबत नाही, आवाज तसाच खणखणीत. पुढं घाला नाहीतर मागं, दोन्हीकडं तोच प्रकार. कटर, चॉपर, एलिव्हेटर यांची काही तक्रार नाही.

मेस्त्री आला, पंपावर हात ठेवला आणि म्हणाला, "पंप गेला, नवा टाका." नव्या पंपाचा दर ऐकून त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही. आता मे महिना आहे, गाडी शेडमध्ये आहे, गाळप सुरू व्हायला अजून वेळ आहे. प्रश्न दोन. पंपच गेलाय हे नक्की कसं कळणार? आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार, तर ड्राईव्हच्या हायड्रॉलिकचं काय काय करून ठेवावं?

निपाणीकर
हात ठेवून ओळखणारा मेस्त्री मिळाला म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडं फोनवर ओळखतात.

थारवाला_टिळकवाडी
ऑफ-रोड विभागात नवीन धागा दिसला म्हणून पळत आलो. वाटलं चोर्ला घाटात राईड ठरतेय. 😀

चिकोडी_हार्वेस्टर
@थारवाला, दादा, आमची गाडी जन्मल्यापासून रोडच्या बाहेरच आहे. आमच्यापेक्षा ऑफ-रोड कोण?

@रायबाग, आधी कूलर बघा. पाचटाची धूळ आणि ऑईलचा ओशटपणा मिळून जाळीवर असा थर बसतो की वरून फुंकर मारून निघत नाही. कूलर आणि रेडिएटर एकामागं एक असतील तर दोन्ही वेगळे करून मधली घाण काढावी लागते. वरून दिसायला स्वच्छ आणि मध्ये नुसती गादी, असं असतं. हवा मारायची ती आतून बाहेर. प्रेशर वॉशर मारणार असाल तर लांबून आणि सरळ, नाहीतर पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही.

उद्यमबाग_फिटर
चिकोडीकरांनी सांगितलेलं बरोबर आहे, ते पहिलं करा. पण त्यानंतर पंप खोलायच्या आधी गेज लावा. हायड्रॉलिकमध्ये तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर सांगतो, बदललेल्या पंपांतले कितीतरी पंप चांगले असतात.

तुमच्या गाडीचा ड्राईव्ह हायड्रोस्टॅटिक आहे. ऑईल पंपातून मोटरला जातं आणि टाकीत न पडता तसंच पंपाकडं परत येतं. या बंद चक्रातलं थोडं ऑईल पिस्टनच्या फटींतून सतत आतल्या आत गळत असतं, आणि ते गळायलाच पाहिजे, त्यावरच आतले भाग वंगणात राहतात. गळालेलं भरून काढायला पंपाच्या मागं छोटा चार्ज पंप असतो. विहिरीवरच्या मोटरचा फूट-व्हॉल्व गळत असला की एक माणूस बादलीनं पाणी ओतत उभा करतात ना, तसा हा. फक्त याला सुट्टी नाही.

आता गरम झाल्यावरच का मरते? ६८ नंबरचं ऑईल म्हणजे ४० अंशाला त्याची जाडी ६८ सेंटिस्टोक. तेच ऑईल ८० अंशाला साधारण १५ वर येतं. पिस्टन, ते ज्यात बसतात ते बॅरल, व्हॉल्व प्लेट घासून फट वाढली असेल तर सकाळचं जाड ऑईल ती झाकतं, दुपारचं पातळ ऑईल उघडं पाडतं. म्हणजे कुठंतरी आत गळती आहे, एवढं नक्की. पण ती पंपात आहे की मोटरमध्ये, हे हात ठेवून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तपासायचं असं. चार्ज प्रेशरच्या टेस्ट पोर्टला ६० बारचा गेज लावा. बहुतेक गाड्यांत चार्ज २० ते ३० बारच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ऑईल तापवूनच मोजा, थंड गाडीचं रीडिंग फसवतं. न्यूट्रलमध्येच कमी आला तर सक्शनची जाळी, चार्ज फिल्टर, चार्ज रिलीफ (जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व) आणि चार्ज पंप, याच क्रमानं जा. न्यूट्रलमध्ये ठीक आहे आणि लिव्हर पुढं केल्यावर, लोड आल्यावर पडतो, तर मोठ्या चक्रात गळती आहे, मग मोटर आणि पंप.

गाडी एकाच दिशेला कमजोर असती तर मी वेगळं सांगितलं असतं. पंपावर दोन दिशांचे दोन हाय-प्रेशर रिलीफ व्हॉल्व असतात. सारखेच असले तर त्यांची अदलाबदल करायची. तक्रार पुढची मागं गेली तर व्हॉल्व खराब, नाही गेली तर दुसरीकडं शोधायचं. तुमची दोन्हीकडं आहे, म्हणून हे सध्या बाजूला ठेवा.

कृष्णाकाठ
एवढं गेज-बिज कशाला? ६८ काढून १०० नंबरचं ऑईल भरा. आमच्या पाहुण्यांनी तेच केलं, अख्खा हंगाम निघाला.

उद्यमबाग_फिटर
@कृष्णाकाठ, हंगाम निघाला असेल, पण पुढच्या हंगामात काय निघालं तेही विचारा. डिसेंबरात पहाटे गाडी चालू करताना १०० नंबर काकवीसारखं होतं. चार्ज पंपाला ते ओढवत नाही, सक्शनमध्ये पोकळी होते आणि पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. जाड ऑईलनं गळती बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते. गाडीला ४६ का ६८ हे कंपनी आणि हवामान बघून ठरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ६८ बहुतेक ठिकाणी चालतं, पण मॅन्युअलच्या वर जायचं नाही.

घटप्रभेचा_पोरगा
आणि तो दुसरा रामबाण राहिलाच की! रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगमागं वॉशर घालायचा. आमच्या गोकाकात एका मेस्त्रीच्या खिशात सुपारी आणि वॉशर दोन्ही असतात, ग्राहक बघून कुठलं काढायचं ते ठरवतो.

उद्यमबाग_फिटर
अहो, चेष्टा नाही. या ड्राईव्हची लाईन ३५०-४०० बारवर चालते. वॉशर घालून रिलीफ चढवला की पहिल्यांदा होज, म्हणजे रबरी पाईप, फुटतो. तो फुटला नाही तर मोटरचा शाफ्ट.

खानापूरचा_पोकलेन
माझं थोडं वेगळं. माझी चेनची पोकलेन आहे, चिऱ्याच्या खाणीत आणि शेततळ्याच्या कामाला. आमचं सर्किट ओपन, ऑईल टाकीत परत येतं, पण ट्रॅव्हल मोटरची, म्हणजे चेन फिरवणाऱ्या मोटरची, दुखणी तीच. एक चेन मागं पडायला लागली, म्हणजे सरळ चालवताना गाडी एका बाजूला वळते, तर मोटर खोलायची घाई करायची नाही. सेंटर जॉईंटच्या (वरच्या फिरत्या भागातलं ऑईल खाली चेनकडं नेणारा जोड) खाली डाव्या-उजव्या मोटरच्या लाईनी उलटसुलट जोडून बघायच्या. तक्रार त्याच चेनला राहिली तर मोटर किंवा फायनल ड्राईव्ह, म्हणजे मोटरपुढचा गिअरबॉक्स. तक्रार दुसऱ्या चेनला गेली तर वरचा पंप, कंट्रोल व्हॉल्व नाहीतर सेंटर जॉईंटचं सील. एक दुपार जाते, पण लाखाची चूक टळते.

आणखी एक. फायनल ड्राईव्हचं गिअर ऑईल वेगळं असतं, हायड्रॉलिकच्या टाकीशी त्याचा संबंध नाही. कणकुंबीकडच्या पावसात तांबड्या चिखलात दिवसभर चेन फिरते. बाहेरचं फ्लोटिंग सील खराब झालं की चिखल आत. लेव्हलचा बोल्ट सैल करून बघत चला. ऑईल कमी आलं तर बाहेर गळतंय. जास्त आणि पातळ आलं तर मोटरचं शाफ्ट सील गेलंय, हायड्रॉलिक ऑईल हबमध्ये येतंय.

रायबागचा_ऊसवाला
@खानापूर, हबचं ऑईल मी तर कधीच बघितलं नाही. उद्याच बघतो.

जेसीबी_सौंदत्ती
आमच्या जेसीबीला मी दर हजार तासांनी हायड्रॉलिक ऑईल बदलतो, तरीपण चढाला दम तोडते. हेच असेल का?

उद्यमबाग_फिटर
नाही. बॅकहो लोडरची चाकं हायड्रॉलिक पंपावर फिरत नाहीत. इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल असा रस्ता आहे. हायड्रॉलिक फक्त बूम, बकेट आणि स्टिअरिंगला. तुमचं दुखणं ट्रान्समिशनच्या ऑईलमध्ये आणि क्लच प्रेशरमध्ये शोधा. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

संकेश्वरची_सून
मालक गाडी चालवतात, वही मी ठेवते. अवर मीटर, ऑईल किती टॉप-अप केलं, कुठला होज बदलला, फिल्टर कधी, सगळं तारखेसकट. टॉप-अपचा रकाना सगळ्यात बोलका. एका महिन्यात तो वाढत गेला, बाहेर एक थेंब दिसत नव्हता. शेवटी उजव्या हबमध्ये सापडलं, खानापूरकरांनी सांगितलेलं तेच. वही नसती तर सगळे म्हणाले असते, "ऑईल उडून जातं हो वहिनी, उन्हाळा आहे." हायड्रॉलिक ऑईल काय रॉकेल आहे उडून जायला?

फिल्टरवरून मात्र आमच्या घरात रोज भांडण. हे म्हणतात लोकल घे, आटे जुळतात. मी म्हणते कंपनीचा.

चिकोडी_हार्वेस्टर
वहिनी, इथं मी मालकांच्या बाजूनं. चांगल्या मेकचा बाजारातला फिल्टर चालतो, कंपनीच्या खोक्याचेच जास्त पैसे जातात.

उद्यमबाग_फिटर
दोघंही अर्धे बरोबर. आटे जुळणं हा निकष नाही. किती मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) कचरा धरतो, किती प्रेशर सोसतो आणि तुंबल्यावर त्याचा बायपास किती बारला उघडतो, हे तिन्ही जुळले तर मेक कुठलाही घ्या. आटे जुळतात म्हणून इंजिन ऑईलचा फिल्टर चार्ज लाईनला लावलेला मी डोळ्यांनी बघितलाय. या पंपातल्या फटी पाच-दहा मायक्रॉनच्या, काही त्याहून कमी. डोळ्याला दिसतो तो कचरा नुकसान करतोच, पण जो दिसत नाही तो रोज घासतो.

आणि नवीन बॅरलचं ऑईल स्वच्छ असतं हा गैरसमज सोडा. बॅरल उघड्यावर आडवं ठेवा, बूच नऊ-तीनच्या रेषेत, म्हणजे पावसाचं पाणी बुचावर साठून आत ओढलं जाणार नाही. भरताना फिल्टर लावलेल्या ट्रान्सफर पंपानंच भरा. बादली, नरसाळं आणि जुनी साडी बंद.

निपाणीकर
जुनी साडी बंद म्हटल्यावर आमचं अर्धं वर्कशॉप बंद.

जखमेचा_डॉक्टर
हार्वेस्टरमधलं काही कळत नाही, पण एक सांगतो. होजला बारीक छिद्र पडलं की बोट फिरवून गळती शोधतात. ते कधीही करू नका. एवढ्या प्रेशरची धार कातडीत सुईसारखी घुसते. बाहेर टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत ऑईल बोटापासून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. पेशंट दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा बोट वाचवणं अवघड होतं. असं झालं तर तासाभरात मोठ्या दवाखान्यात, जिथं हाताची शस्त्रक्रिया होते तिथं जा, आणि आत ऑईल गेलंय हे स्पष्ट सांगा. नुसती पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी जायचं नाही.

उद्यमबाग_फिटर
डॉक्टरसाहेब, हे लिहिलंत ते फार बरं झालं. गळती पुठ्ठ्यानं शोधायची, लांब धरून, गॉगल लावून. खरं तर गाडी बंद करून, प्रेशर सोडून, होज पुसून बघणं सगळ्यात चांगलं.

चिकोडी_हार्वेस्टर
धागा चाललाच आहे तर ओढण्याचं पण बोलू. आमच्या शेजारच्या गावात एक हार्वेस्टर दूधगंगेकाठच्या काळ्या रानात रुतला. दोन ट्रॅक्टर लावून, साखळी बांधून, थेट डांबरीपर्यंत ओढत नेला. इंजिन बंद होतं. बाहेर निघाल्यावर गाडी धड चालेना.

उद्यमबाग_फिटर
चालणारच कशी? चाक फिरलं की मोटरच पंप होते. इंजिन बंद म्हणजे चार्ज नाही, वंगण नाही, आणि ऑईलला जायला वाट नाही. ओढायच्या आधी पंपावरचे बायपास व्हॉल्व मॅन्युअलप्रमाणे उघडायचे, तेही फक्त रानातून बाहेर येण्यापुरतं आणि माणूस चालतो त्या वेगानं. चाकाचे ब्रेक स्प्रिंगचे असतील तर इंजिन बंद असताना ते धरलेलेच असतात, तेही सोडवावे लागतात. गाडी लांब न्यायची तर ट्रेलर. ढकलून चालू करायचा तर प्रश्नच नाही.

थारवाला_टिळकवाडी
राईड नाही तरी धागा वाचतोय बरं का. माझ्या गाडीला यातलं काहीच लागू नाही, पण सोडवत नाही.

रायबागचा_ऊसवाला
मंडळी, अपडेट. कूलर काढला. चिकोडीकर म्हणाले तशीच मध्ये गादी होती, पाचट आणि ऑईलचा काळा नमदा. साफ केला. उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन गेज भाड्यानं आणले, फिटरसाहेबांचा मेसेज छापून बरोबर ठेवला होता.

ऑईल तापवून घेतलं. न्यूट्रलला चार्ज २४ बार, म्हणजे मॅन्युअलच्या मर्यादेत. चाकांना ठोकळे, ब्रेक लावलेला, भाचा सीटवर, लिव्हर थोडी पुढं केली तर काटा १३ वर आला आणि तिथंच थरथरत राहिला. भाचा वरून विचारतोय "मामा, अजून देऊ का?" म्हटलं नको, उतर.

फिल्टर कापून बघितला. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या तर आत पिवळी चमक. मेस्त्रीला दाखवलं, तो म्हणतो, "बघा, मी सांगत होतो, पंप."

उद्यमबाग_फिटर
पिवळी चमक म्हणजे पितळेचा, ब्राँझचा चुरा. पिस्टनच्या पायातले बूट किंवा व्हॉल्व प्लेट घासलीय. पण मोटरमध्येही तेच भाग असतात! चुरा कुणाचा, ते त्यावर लिहिलेलं नसतं. आता केस ड्रेन मोजा, म्हणजे मोटरच्या आत गळून टाकीकडं जाणारं ऑईल. दोन्ही चाकांच्या मोटरची केस ड्रेन लाईन टाकीकडून सोडवा, टाकीचं तोंड बूच लावून बंद करा, आणि एकेक करून मापाच्या कॅनमध्ये एक मिनिट सोडा. ऑईल तितकंच गरम, आरपीएम तेच, लिव्हर तेवढीच, ठोकळे लावलेले. दोन्ही बाजूंची तुलना करा. आणि ड्रेन लाईनला चुकूनही बूच लावून गाडी चालू करू नका, केसमध्ये प्रेशर साठलं तर शाफ्ट सील उडतं.

रायबागचा_ऊसवाला
केलं. डाव्या मोटरचं ऑईल बारीक धारेनं, मिनिटाला पाव कॅनपण नाही. उजव्या मोटरचा कॅन मिनिट संपायच्या आत काठोकाठ. मेस्त्री कॅनकडं बघत बसला, मग म्हणाला, "मोटर असंल मग."

घटप्रभेचा_पोरगा
"मोटर असंल मग." फ्रेम करून लावा हे वाक्य.

संकेश्वरची_सून
मेस्त्रीला नावं ठेवू नका हो, तो कॅन घेऊन उभा राहिला हेच खूप. पुष्कळ जण पंपाची ऑर्डर देऊन गेले असते.

उद्यमबाग_फिटर
छान. उजवी मोटर खोला, पण फक्त मोटर दुरुस्त करून बसवली तर काम अर्धंच झालं. हे बंद चक्र आहे. मोटरचा चुरा थेट पंपाकडं येतो, मध्ये टाकीची उसंत नाही. दोन्ही मोठ्या लाईनी काढून फ्लशिंग करा, म्हणजे आतून धुवून काढा. कूलर पुन्हा आतून धुवा, टाकी रिकामी करून हातानं पुसा, धागे न सुटणाऱ्या कापडानं. सगळे फिल्टर नवे. चालू केल्यावर पन्नास तासांत फिल्टर परत काढून कापून बघा.

बसवल्यावर मोटरच्या केसमध्ये वरच्या पोर्टमधून गाळलेलं ऑईल भरल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. पहिली काही सेकंदं कोरडी फिरली तर नवीन भाग तिथंच संपतो. चार्ज गेज लावून ठेवा, काटा उचलल्यावरच इंजिन स्लोवर चालू द्या, लिव्हर हळूहळू दोन्हीकडं.

पावसाळ्याचं विचारलं होतं तुम्ही. टाकी भरलेली ठेवा, अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा आत-बाहेर होते आणि पाणी साठतं. ब्रीदर, म्हणजे टाकीत जाणारी हवा गाळणारी टोपी, नवा टाका. सिलिंडरचे रॉड आत घेऊन गाडी उभी करा, जे बाहेर राहतील त्यांना ग्रीस लावा, नाहीतर क्रोमवर गंज धरतो आणि तोच पुढं सील कापतो. अधूनमधून चालू करणार असाल तर ऑईल चांगलं तापेपर्यंत चालवा. पाच मिनिटं चालवून बंद केलं तर उलट दव धरतं. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी आहे, बदलायचं. फेस दिसला तर सक्शनला हवा लागतेय.

निपाणीकर
फिटरसाहेबांची फी किती? बेळगावात कुंदा चालेल की गोकाकहून करदंट मागवायचा?

उद्यमबाग_फिटर
डॉक्टरनं गोड बंद केलंय. चार्ज गेज विकत घेऊन शेडमध्ये ठेवा, तीच फी.

रायबागचा_ऊसवाला
एक शंका. मोटर दुरुस्तीला उद्यमबागेतच देणार आहे. डावी मोटर चांगली दिसतेय, तरी तीपण आताच खोलून सील बदलून घ्यावी का? खर्च वाढतोय.

चिकोडी_हार्वेस्टर
चांगली आहे तर हात लावू नका. खोललं की काहीतरी निघतंच.

उद्यमबाग_फिटर
मी उघडून बघेन. चुरा दोन्ही बाजूंना फिरलाय. सील किट आणि मजुरी, एवढंच जाईल.

खानापूरचा_पोकलेन
मी चिकोडीकरांच्या बाजूनं, पण एका अटीवर. फ्लशिंग झाल्यावर डाव्या मोटरचं ड्रेन परत मोजा आणि आकडा वहीत लिहा. दिवाळीला, गाळप सुरू व्हायच्या आधी, पुन्हा मोजा. वाढला असेल तर तेव्हा खोला.

संकेश्वरची_सून
वहीचा फोटो हवा असेल तर रकाने कसे पाडलेत ते टाकते. ड्रेनचा रकाना मीपण आजच वाढवला.